पैठणीच्या फोटोंचं वजन : प्रकल्प नोंदी

काम : येवल्यातल्या एका पैठणी दुकानाच्या वेबसाइटवरचे फोटो हलके करणे. साड्या ४१२, फोटो २,४८६.

अट : फोटोतला रंग आणि जरीचा पोत हलता कामा नये. गिऱ्हाईक साडी हातात न घेता पैसे भरतं. घरी पोचल्यावर रंग वेगळा निघाला की साडी परत येते, आणि त्या एका कुरिअरच्या खर्चापुढे वाचवलेले केबी काहीच नाहीत.

साधनं : नोडवर चालणारं शार्प (फोटोंचा आकार आणि फॉरमॅट बदलायला; आत लिबव्हिप्स ही लायब्ररी), मोझजेपेग (जेपेग हलके करायला), ऑक्सिपीएनजी (पीएनजी हलके करायला), एसव्हीजीओ (रेखाचित्रांच्या एसव्हीजी फाइली हलक्या करायला), एक्झिफटूल (फोटोसोबतची माहिती बघायला-बदलायला). गुण मोजायला सिम्युलाक्रा-२ (दाबलेला फोटो ओरिजिनलशी ताडून गुण देतं).

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मोजदाद. मूळ फोटो चार जातींचे निघाले.

कॅमेऱ्याचे जेपेग, ४००० × ६००० पिक्सेल : १,५३०, सरासरी ६.२ एमबी
फोनचे, ३०२४ × ४०३२, काही जेपेग काही एचईआयसी (आयफोनचा फॉरमॅट) : ६११, सरासरी २.४ एमबी
व्हॉट्सॲपवरून आलेले, १२०० × १६०० : २६८, सरासरी २२० केबी
पीएनजी : ७७, सरासरी १९ एमबी

एकूण साडेबारा जीबी. ते सगळं वेगळ्या डिस्कवर कॉपी करून फोल्डर फक्त वाचण्यापुरता ठेवला. यापुढची प्रत्येक आवृत्ती थेट ओरिजिनलवरून काढायची. एकदा दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फाइलवरून पुन्हा फाइल काढली की पहिल्या वेळचे चौकोनी डाग दुसऱ्या वेळी ‘तपशील’ म्हणून जपले जातात: चित्र खराब आणि वर फाइलही जड.

आत्ताची साइट प्रत्येक फोटोची २००० पिक्सेल रुंदीची एकच प्रत करते आणि तीच सगळीकडे लावते. यादीच्या पानावर २४ साड्या, प्रत्येक फोटो सुमारे ९०० केबी, म्हणजे एका पानाला २१ एमबीच्या वर. शिवाय फाइल केवढीही असो, ब्राउझर ती उलगडतो तेव्हा पिक्सेलमागे ४ बाइट मेमरी लागते. २००० × ३००० चा फोटो मेमरीत २४ एमबी होतो, असे २४ म्हणजे ५७६ एमबी. स्वस्त फोनवर स्क्रोल करताना पान पांढरं पडून पुन्हा लोड होतं ही दुकानाची जी तक्रार आहे, तिचं मूळ बहुधा इथे आहे. ते दाबून कमी होणार नाही, पिक्सेलच कमी करावे लागतील.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रुंदी ठरवल्या. आधी फोटो पडद्यावर किती जागा घेतो ते मोजलं. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर यादी दोन रकान्यांची: दोन्ही कडांना ८-८, मध्ये १२, उरले ३३२, म्हणजे एक फोटो १६६ पिक्सेल. पडद्याची घनता ३ पट (आडवं मोजलं तर पानाच्या एका पिक्सेलला पडद्याचे ३) धरली तर ४९८. डेस्कटॉपवर चार रकाने, फोटो २८५. दुप्पट घनतेला ५७०. साडीच्या पानावर फोनला पूर्ण रुंदी, डेस्कटॉपला ६०० चा रकाना.

त्यावरून पायऱ्या : २५०, ५००, ७५०, १०८०, १४४०. झूमसाठी वेगळी २४००, ती बोट ठेवल्याशिवाय उतरवायची नाही. यापेक्षा जास्त पायऱ्या करून फायदा नाही. दर पायरीला अडीच हजार फाइली वाढतात आणि ७५० व ८०० मधला फरक कोणाच्याही पडद्यावर दिसत नाही.

चाचणी म्हणून जुनीच सेटिंग, जुनंच जेपेग, फक्त रुंदी २००० ऐवजी ५००. ९०० केबीचे ७८ केबी झाले. क्वालिटीला हातही न लावता ९१ टक्के वजन उतरलं. ६० लाख पिक्सेल पाठवून त्यातले ३ लाख ७५ हजार दाखवायचे, हा १६ पट उधळेपणा होता. यापुढचं सगळं काम या ७८ केबीतून आणखी किती निघतं आणि ते काढताना काय बिघडतं, एवढ्यापुरतं आहे. फॉरमॅटवर वाद घालण्याआधी इतकं करून घ्यावं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फोनचे ९३ फोटो आडवे पडले. फोन चित्र फिरवून साठवत नाही, सेन्सरला जसं दिसलं तसं ठेवतो आणि एक्झिफमध्ये (फोटोसोबतच्या माहितीत) दिशेचा आकडा लिहितो. ६ असेल तर घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवून दाखवायचं. शार्प फाइल लिहिताना ही सगळी माहिती (मेटाडेटा) काढून टाकतं, त्यात हा आकडाही जातो. उपाय: आकार बदलण्याच्या आधी, पहिल्याच पायरीला, रिकामा रोटेट (कोन न सांगता फिरवायचा आदेश) द्यायचा, म्हणजे पिक्सेलच फिरतात.

एचईआयसी फाइली शार्पच्या तयार बिल्डमध्ये उघडत नाहीत. लिबहाइफ या लायब्ररीच्या साधनाने आधी पीएनजी करून घेतल्या. मध्ये जेपेग करायचं नाही, ती फुकटची एक दाबणी होते. एक सावधगिरी: हे साधन फोटो फिरवूनच देतं, पण दिशेचा टॅग मागे राहिला असेल तर शार्प तो पुन्हा फिरवतं. रूपांतर झालं की एक्झिफटूलने टॅग १ करून टाकायचा.

फोनच्या जवळपास सगळ्याच फोटोंत जीपीएस होतं. काही फोटो विणकरांच्या घरी काढलेले आहेत, म्हणजे त्यांच्या घराचा ठावठिकाणा जुन्या साइटवर उघडा होता. नव्या फाइलींत तो जात नाही. जुनं अपलोड फोल्डर साइट बदलली की लगेच काढायचं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कसोटीचे १४ फोटो निवडले. मुद्दाम त्रास देणारे: जरीचा पूर्ण पदर, मुनिया (पोपटांचा) काठ जवळून, राणी अंग-हिरवा काठ, धूपछाव (ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या), काळी चंद्रकळा, मोतिया रंग पांढऱ्या पार्श्वभूमीवर. सोप्या फोटोवर क्वालिटी ठरवली की सगळंच छान दिसतं.

क्वालिटीचा आकडा टक्के नाही, आणि दोन एन्कोडरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. जेपेगचा ८० आणि एव्हिफचा (नवा, आणखी हलका फॉरमॅट) ८० यांचा संबंध नाही. म्हणून तुलना सिम्युलाक्रा-२ च्या गुणांवर: ९० ला फरक जवळजवळ दिसत नाही, ७० ला चांगली, ५० मध्यम. यादीसाठी ७० च्या वर, साडीच्या पानासाठी ७८ च्या वर असं ठरवलं. मोझजेपेग ७६ वर यादी आणि ८२ वर मोठे फोटो या रेषा पार करतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज दिवसभर राणी आणि हिरवा.

मालकीणबाईंना शुक्रवारचे नमुने पाठवले होते. गुण चांगले होते तरी त्यांनी तीन फोटो परत पाठवले. निरोप: “काठ अंगात मिसळलाय. विणलाय असं वाटतच नाही, छापलाय असं वाटतं.” १०० टक्के मोठं करून पाहिलं तर खरं होतं. राणी अंग जिथे हिरव्या काठाला मिळतं तिथे रेघेऐवजी दोन पिक्सेलचा करडा पट्टा. मुनियेच्या चोचीचा लाल ठिपका तर नाहीसाच.

कारण असं. जेपेग लाल-हिरवा-निळा तसाच साठवत नाही. उजेड एका थरात आणि रंग दोन थरांत वेगळे करतं, आणि बहुतेक एन्कोडर न विचारता रंगाचे दोन्ही थर आडवे-उभे निम्मे करतात. यालाच ४:२:० म्हणतात. चार पिक्सेलना मिळून एक रंग. डोळा उजेडाचा तपशील जास्त टिपतो आणि रंगाचा कमी, म्हणून माणसं, डोंगर, जेवणाची ताटं यांत हे खपून जातं.

पैठणीत का खपत नाही ते आकड्यांत काढलं. उजेडाचा थर म्हणजे लालाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७, निळ्याचे ०.११४ भाग. फोटोतला राणी (२००, २०, ११०) : ५९.८ + ११.७ + १२.५ = ८४. त्याच्याच शेजारचा हिरवा (२०, १२५, ४५) : ६ + ७३.४ + ५.१ = ८४.५. म्हणजे उजेडाच्या थरात या दोन रंगांमध्ये रेघच नाही! फोटो काळा-पांढरा केला तर काठ आणि अंग एकच. काठाची सगळी धार रंगाच्या थरात आहे, आणि आपण नेमका तोच थर निम्मा करतोय. ४:२:० नेमकं परंपरेने जुळवलेल्या विरोधी रंगजोड्यांच्या वाईटावर आहे.

मुनियेचंही तेच. १०८० च्या फोटोत काठातली एक मुनिया साधारण २२ पिक्सेल, चोच ३ पिक्सेल. रंगाच्या थरात ती दीड पिक्सेल उरते, आणि भोवतालच्या पोपटी रंगात कालवली जाते.

जुन्या स्क्रिप्टमध्ये एक गंमत सापडली. ती इमेजमॅजिकवर चालायची, क्वालिटी ८५. त्यावर कोणीतरी टिपण ठेवलं होतं की “९२ ला काठ चांगला येतो, पण फाइल फार मोठी”. इमेजमॅजिक ९० च्या खाली आपोआप ४:२:० करतं आणि ९० पासून पुढे रंगाचा थर पूर्ण ठेवतं. काठ सुधारला तो क्वालिटीमुळे नाही, थर पूर्ण राहिल्यामुळे. क्वालिटी ७६ वरच ठेवून फक्त ४:४:४ (रंगाचे थर पूर्ण) मागितलं: ५०० च्या फोटोला ५३ केबीचे ६१ झाले. ८ केबीत काठ परत आला. ९२ पर्यंत चढायची गरजच नव्हती.

निर्णय : सगळं जेपेग ४:४:४. वेबपी (जेपेग आणि एव्हिफ यांच्या मधला फॉरमॅट) वगळायचं. लॉसी (तपशील गाळून दाबणाऱ्या) वेबपीत ४:२:० शिवाय पर्यायच नाही. शार्पमधला स्मार्ट सबसॅम्पल लावून धार थोडी सुधारते, पण चोच येत नाही. एव्हिफला ४:४:४ चालतं. क्रोम ८५, फायरफॉक्स ९३ आणि आयफोनवर आयओएस १६ पासून एव्हिफ उघडतं. त्याहून जुन्यांना जेपेग मिळेल. मधला फॉरमॅट ठेवून फाइली दीडपट करायचं कारण उरत नाही. दुसऱ्या कुठल्या दुकानासाठी, समजा भांड्यांच्या, वेबपी सुखाने वापरलं असतं.

एक बारकावा: ३ पट घनतेच्या फोनवर हा दोष फारसा दिसत नाही, पिक्सेलच इतके लहान असतात. दिसतो तो साध्या डेस्कटॉप पडद्यावर आणि झूममध्ये. आणि लाखाची पैठणी घेणारं गिऱ्हाईक झूम करतंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फोनच्या फोटोंत राणीचा डाळिंबी होतोय. हा दोष वरच्यापेक्षा वेगळा: तिथे धार जात होती, इथे अख्खा रंगच विटका.

आयफोन फोटोला डिस्प्ले पी३ चं रंगप्रोफाइल (कुठला आकडा म्हणजे कुठला रंग हे सांगणारा तक्ता) जोडतो. २०० हा लाल त्या प्रोफाइलात जितका तेजस्वी, तितका एसआरजीबीत (वेबवरचं नेहमीचं प्रोफाइल) नाही. प्रोफाइल नुसतं खरवडून टाकलं की ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी समजून रंगवतो आणि सगळं फिकं पडतं. जुन्या स्क्रिप्टमधला ‘स्ट्रिप’ नेमकं हेच करत होता. कॅमेऱ्याचे २१० फोटोही ॲडोबी आरजीबीत निघाले, तिथे मोरपंखी मरत होता.

क्रम असा : आधी एसआरजीबीत रूपांतर, मग प्रोफाइल काढणं. शार्प न सांगता हे दोन्ही करतं. प्रोफाइल ठेवलंच तर फाइलमागे सुमारे ३ केबी. १४४० च्या फोटोत ते दिसणार नाही, पण ११ केबीच्या थंबनेलमध्ये चौथा भाग तोच खाईल. तपासणी सोपी: ओरिजिनल आणि निकाल एकाच ब्राउझरमध्ये शेजारी उघडायचे. फोटो एडिटरमध्ये नाही, तो आपल्या मनाने प्रोफाइल गृहीत धरतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एव्हिफ. क्वालिटी ५० (शार्पचा डिफॉल्ट), ५०० रुंदी: २७ केबी, गुण ७१. कागदावर पास. पण जरीकडे बघा. कमी बाइटांत एव्हिफ चौकोनी डाग पाडत नाही, त्याऐवजी बारीक पोत इस्त्री केल्यासारखा सपाट करतं. जरीची तार-तार जाऊन पिवळा प्लास्टिकचा पट्टा उरतो. जेपेगची चूक डोळ्यात खुपते, एव्हिफची लपते, म्हणून ती जास्त धोक्याची.

गुणांनी हे का पकडलं नाही? फोटोचा बहुतेक भाग साधं अंग आणि पार्श्वभूमी, तिथे गुण भरपूर. काठाने गमावलेले सरासरीत बुडाले. म्हणून आता प्रत्येक कसोटी फोटोतून काठाचा ३०० × ३०० चा तुकडा कापून त्याचे गुण वेगळे काढतोय. क्वालिटी ५० ला काठाचे गुण ५८ निघाले. ५८ क्वालिटीला ७२. तिथे थांबलो: ५०० ची फाइल ३४ केबी, जेपेगच्या ६१ च्या समोर. १०८० ची ११८ केबी.

एन्कोडरने किती खपायचं तो आकडा (एफर्ट) ४ ठेवला तर १०८० च्या फोटोला साधारण १.१ सेकंद, ७ ला ५ सेकंद, बचत जेमतेम ३ टक्के. ४ वरच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

थंबनेलांवर लाटा. विणीच्या उभ्या-आडव्या रेघा लहान करताना इंद्रधनुषी पट्टे उमटतात, ३१ फोटोंत.

कुठून आल्या ते ठरवायला तीन पायऱ्या. ओरिजिनल १०० टक्क्यांवर बघा: तिथेच लाटा असतील तर कॅमेऱ्यात पडल्या, नंतर जात नाहीत, फोटो पुन्हा काढा, अंतर किंवा कोन जरासा बदलून. ओरिजिनल स्वच्छ आणि फाइल १०० टक्क्यांवर खराब असेल तर आकार बदलण्यात चूक. फाइलही स्वच्छ आणि पानावरच लाटा असतील तर ब्राउझर ती विचित्र प्रमाणात लहान करतोय, पायऱ्या तपासा.

५ पहिल्या प्रकारचे, २६ दुसऱ्या. लिबव्हिप्स वेग मिळवण्यासाठी जेपेग उघडतानाच निम्मा, पाव किंवा आठवा करून घेतं; विणलेल्या कापडावर त्यातूनच लाटा उठतात. शार्पमध्ये ‘फास्ट श्रिंक ऑन लोड’ बंद केलं, थंबनेलसाठी फोटो लहान करायची पद्धत लँक्झोस ऐवजी मिचेल. लँक्झोस धार ठसठशीत करतं, पण जरीच्या कडेला पांढरी झालर लावतं. वेळ जवळजवळ दुप्पट झाला, लाटा गेल्या. फाइलही ४ टक्क्यांनी हलकी झाली, कारण लाटा साठवायलाही बाइट लागत होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पीएनजी ७७. त्यातले ६८ साधे फोटो, कोणीतरी ‘क्वालिटी चांगली राहते’ म्हणून पीएनजीत साठवलेले. ते इतरांसारखेच. उरलेले ९ पार्श्वभूमी कापलेले. जेपेगला पारदर्शकता नसते, म्हणून ते काळ्या पडद्यावर आले. आधी पांढऱ्यावर फ्लॅटन (पारदर्शक भाग पांढऱ्याने भरणं).

लोगो एसव्हीजी. एसव्हीजीओने ४१ केबीचा ६ केबी झाला आणि फोनवर कापला गेला. या जुन्या आवृत्तीत व्ह्यूबॉक्स (चित्राची चौकट सांगणारी नोंद) काढायचा नियम डिफॉल्टनेच चालू असतो, बंद केला. लोगोतली मराठी अक्षरं टेक्स्ट म्हणून होती. इमेज टॅगमधल्या एसव्हीजीला पानाचे फाँट मिळत नाहीत, म्हणून जोडाक्षरं फोनच्या फाँटात उमटत होती. अक्षरांच्या बाह्यरेषा करून घेतल्या.

‘पैठणी कशी जपावी’ हे कार्ड ३४० केबीचं जेपेग होतं. शिरोरेघेच्या वर-खाली करडी धूळ. जेपेग ८ × ८ च्या चौकटीत काम करतं आणि काळ्या-पांढऱ्याची कडक धार त्या चौकटभर सांडते. दाबण्यात वेळ घातला नाही. मजकूर टाइप केला: ९०० अक्षरं, देवनागरीला अक्षरामागे ३ बाइट, पावणेतीन केबी. शोधातही सापडतो आता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी पूर्ण रन सुरू केला. उद्या शिवजयंतीची सुट्टी, चालू राहील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चालू राहिला नव्हता. १८ ला रात्रीच प्रोसेस मारली गेली, मेमरी संपली म्हणून. स्क्रिप्ट सगळे फोटो एकदम रांगेत ढकलत होती. ४००० × ६००० चा फोटो पूर्ण उलगडला तर ७२ एमबी (इथे पिक्सेलमागे ३ बाइट), आणि १४ तारखेपासून फास्ट श्रिंक ऑन लोड बंद असल्यामुळे आता तो उघडताना पूर्वीइतका लहान होत नाही. छोट्या चाचणीत हे जाणवलं नाही, १४ फोटो मेमरीत मावतात.

एका वेळी ४ फोटो अशी मर्यादा. प्रत्येक फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, पूर्ण झाली की नाव बदलायचं. नाहीतर अर्धवट फाइल ‘झालेली’ समजून पुढच्या रनमध्ये गाळली जाते. अशा ३ सापडल्या.

व्हॉट्सॲपच्या २६८ फोटोंना ‘मोठं करू नको’ ही अट: ते १२०० चे, म्हणून १४४० आणि २४०० ची पायरी त्यांना नाही. हिशोब: एव्हिफ १२,१६२, जेपेग १२,१६२, झूम २,२१८, मिळून २६,५४२. मोजणी जुळली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मार्कअप. पिक्चर टॅगमध्ये आधी एव्हिफचा सोर्स, मग जेपेगचा इमेज. ब्राउझर सर्वांत लहान फाइल शोधत नाही, झेपणारा पहिला सोर्स घेतो, म्हणून क्रम महत्त्वाचा.

यादीवर ५०० ऐवजी १०८० उतरत होते, ३४ केबीच्या जागी ११८. ‘साइझेस’ (फोटो पडद्यावर किती रुंद दिसणार ते) फक्त इमेज टॅगवर लिहिलं होतं; प्रत्येक सोर्सला ते वेगळं लागतं. नसेल तर ब्राउझर फोटो पूर्ण पडदाभर धरतो: ३६० गुणिले ३, म्हणजे १०८०. दुरुस्ती: १०२४ च्या वर २८५ पिक्सेल, खाली पडद्याचा निम्मा वजा १४. रुंदी-उंचीही टॅगमध्ये लिहिली, पान उड्या मारत नाही.

पहिल्या ४ फोटोंना लेझी (जवळ स्क्रोल केल्यावरच फोटो मागवणं) नाही. साडीच्या पानावरच्या मुख्य फोटोला लेझी काढून फेचप्रायोरिटी हाय (हा फोटो आधी मागव). मुखपृष्ठाचा मोठा फोटो सीएसएस बॅकग्राउंडमध्ये होता, तो सीएसएस उतरेपर्यंत ब्राउझरला कळतही नाही. साधा इमेज टॅग केला.

लेझीवर फार भिस्त ठेवू नये. क्रोम जलद नेटवर १२५० पिक्सेल खालपर्यंतचे आणि मंद नेटवर २५०० पर्यंतचे फोटो आधीच मागवतो. आपली एक ओळ सुमारे ३१० पिक्सेल उंच, म्हणजे मंद नेटवर पहिल्या झटक्यात २० फोटो निघतातच. ज्याचं नेट वाईट त्याच्यावरच जास्त भार! फोटो मुळातच हलका हवा तो यासाठी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सर्व्हरची एन्जिनएक्स (फाइली पाठवणारं सॉफ्टवेअर) जुनी, तिच्या माइम (फाइल कुठल्या प्रकारची ते सांगणाऱ्या) यादीत एव्हिफची ओळच नव्हती, फाइल अनोळखी बाइटांचा गठ्ठा म्हणून जात होती. ओळ घातली. फोटोंवर जीझिप बंद, दाबलेलं पुन्हा दाबून फक्त प्रोसेसर तापतो. कॅश एक वर्ष, इम्यूटेबल (ब्राउझरने तोवर फाइल जपायची, पुन्हा विचारायचं नाही). त्यासाठी फाइलच्या नावात फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला हॅश (ओळखआकडा). दुकानात फोटो बदलला आणि नाव तेच राहिलं तर जुना फोटो गिऱ्हाइकाच्या फोनात वर्षभर बसेल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मोजणी. यादीचं पान: फोटो २१.६ एमबीवरून ८२० केबी. मंद ४जीच्या नक्कलेत साडीच्या पानाचा मुख्य फोटो २.१ सेकंदांत, मर्यादा २.५. मेमरीत २४ फोटो आता ३६ एमबी. डिस्कवर मात्र ४.८ जीबी लागलेच, ते कमी करायचा विचारही नव्हता.

मालकीणबाईंनी दुकानातल्या १२ साड्या फोनशेजारी ठेवून पाहिल्या. ११ मान्य. एक चिंतामणी रंग अजून किंचित मंद दिसतो. तो रंग एसआरजीबीच्या बाहेरच आहे, त्या साडीच्या पानावर तशी ओळ लिहिली.

बाकी : लाटांचे ५ आणि व्हॉट्सॲपचे २६८ फोटो पुन्हा काढायचे. विणकरांना निरोप गेलाय की फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आज ३८ आले, त्यातले ६ अजूनही १६०० पिक्सेलचेच.